बबडीचं दहा लिटर पाणी

"क्ष म्हणजे किती?"

"सात!" केतकी छातीठोकपणे म्हणाली. काल शाळेत बाईंनी बीजगणिताची पहिली दोन गणितं फळ्यावर सोडवली होती. दोन्हींत क्ष सातच निघाला, आणि आपल्या केतकीबाईंनी वहीत लाल चौकट आखून तो सात कायमचा कोंडून टाकला होता.

विचारणारा होता ठोकळ्या, चंद्रावरच्या वसाहतीतल्या भाजीघराचा यंत्रमानव. हे भाजीघर केतकीची नलूआत्या सांभाळायची. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर मेथी वाढवायचे सहा वाफे तिथे होते. टाकीत रोज किती बर्फ वितळेल याचा नेम नसे. म्हणून आत्याने भिंतीवर एकच कायमची सूचना लिहिली होती : 'सहा वाफ्यांना प्रत्येकी क्ष लिटर पाणी. बबडीसाठी टाकीत १० लिटर उरलंच पाहिजे.' बबडी म्हणजे टाकीतली मासोळी, अख्ख्या चंद्रावर एकुलती एक. केतकीनेच तिला अंड्यातून वाढवलं होतं.

आज आत्या बर्फ आणायला बाहेर गेली होती. टाकीत चौतीस लिटर पाणी होतं. ठोकळ्या एकेका वाफ्यात सात-सात लिटर सोडू लागला आणि केतकी निवांत मेथी खुडत बसली.

चौथा वाफा भरला आणि टाकीवरचा धोक्याचा भोंगा किंचाळला. केतकीने वळून पाहिलं. रुंद टाकीत पाण्याचा नुसता पापुद्रा उरला होता आणि त्यात बबडी आडवी पडून तडफडत होती. चंद्रावर वजन जेमतेम सहावा हिस्सा. शेपटीच्या एका फटक्यासरशी ती केतकीच्या डोक्याच्याही वर उडाली!

"थांब, ठोकळ्या! थांब!" केतकीने तिला ओंजळीत झेललं आणि उरल्यासुरल्या पाण्यात सोडलं. तिने रेडिओचं बटण दाबलं. "आत्या, बबडी मरतेय गं!"

"रडू नकोस. टाकीत किती उरलंय?"

"सहा! पण आत्या, क्ष तर सात असतो ना?"

"अगं, कालच्या गणितात असेल सात! क्ष हा चल आहे (चल म्हणजे जिची किंमत बदलू शकते अशी संख्या). टाकी रोज वेगळी भरते, म्हणून तर मी तिथे आकडा लिहिला नाही. सकाळी एकूण चौतीस होतं ना? मांड बघू."

केतकीने पाटीवर लिहिलं : ६क्ष + १० = ३४.

"हे झालं समीकरण (दोन्ही बाजू सारख्याच भरतात अशी मांडणी). आता बबडीचे दहा दोन्ही बाजूंनी काढ."

"६क्ष बरोबर चोवीस. सहा वाफ्यांना चोवीस, म्हणजे एकाला..." केतकी हबकली. "चारच! आत्या, मी तीन-तीन लिटर जास्त दिलं!"

"मग घे परत. प्रत्येक वाफ्याच्या तळाशी तोटी आहे."

चार वाफ्यांतून तीन-तीन असं बारा लिटर पाणी ठोकळ्याने टाकीत ओतलं. सहा आणि बारा अठरा. उरलेल्या दोन वाफ्यांना चार-चार दिलं, आणि टाकीत बरोबर दहा उरलं! बबडी हळूहळू सरळ झाली, कल्ले हलवू लागली. केतकी टाकीच्या कडेला बसून तिला न्याहाळू लागली.

"नोंद केली," ठोकळ्या म्हणाला. "क्ष म्हणजे कायम चार."

"खबरदार!" केतकी ताडकन उठली. "आजच्यापुरता चार! उद्या आधी टाकी मोजायची, मग क्ष काढायचा."

तिने वहीतली लाल चौकट खोडली. मग भिंतीवरच्या सूचनेकडे पाहत राहिली. पुढच्या यानातून बबडीला सोबती येणार होते. किती, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. केतकीने खडू घेतला, सूचनेतला १० पुसला आणि तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं : य.