समोरच्या डब्यातली वाळू

"पंचावन्न!"

माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एक नजर टाकून तो म्हणाला, आणि पलीकडच्या गड्याला हाक दिली, "दोन मोठ्या, एक छोटी!"

मी जागच्या जागी थबकले. आनंदमेळ्यातल्या आकाशपाळण्याच्या पायरीवर, हातात तिकीट, मागे पंधरावीस माणसं रांगेत... आणि हा मनुष्य —

"काय पंचावन्न?"

"किलो."

अस्सा राग आला ना मला!

"कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"पाळण्यानं," तो अगदी शांतपणे म्हणाला. डब्याची फळी फडक्यानं पुसत होता. नुकतीच एक भुरभुर येऊन गेली होती. "तुम्ही एकट्या आहात. तुम्हाला या डब्यात बसवलं, की चाकाच्या बरोबर समोरच्या डब्यात तेवढंच वजन पाहिजे. माणूस नसेल तर वाळूच्या गोण्या. मोठी पंचवीसची, छोटी पाचची. नाहीतर चाक एका बाजूला ओढतं."

म्हणजे हे तो मला शिकवत होता. मला! नऊ गावं आणि एकतीस पाळणे पालथे घातलेल्या मुलीला! रोलर कोस्टरला सगळ्यात मागचा डबा धरायचा, कारण उतारावर तोच खरा ओढला जातो. झुलत्या जहाजात टोकाला बसायचं, मध्ये बसणं म्हणजे तिकीट फुकट. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलंय, तारीखवार, मार्कांसकट. या वहीपायी बाबांनी माझं नाव चक्री ठेवलंय आणि ताई अजून म्हणते, "सव्वीस वर्षांची घोडी झालीस, झोके कसले घेतेस?" घेते. माझी हौस.

"चोपन्न आहे," मी ताडकन म्हणाले आणि बसले.

"चपलांसकट पंचावन्न," तो म्हणाला आणि लोखंडी दांडा अडकवला.

पाळणा सुरू झाला... आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. आता हे नीट समजून घ्या. मोठ्या पार्कातल्या राइड्स मशीन चालवतं. सोमवारी बसा नाहीतर शनिवारी, अनुभव तोच. फिरत्या मेळ्यातला पाळणा माणूस चालवतो. लिव्हरवर कुणाचा हात आहे ते मला डोळे मिटून कळतं. कुणी हिसका देतं, कुणी घाई करतं. याचा हात असा होता, की चाक कधी हललं आणि कधी थांबलं ते कळलंच नाही. वरच्या टोकाला तर त्यानं एक श्वासभर गती इतकी मंद केली, की गावातली सगळी छपरं माझ्यासाठी थांबल्यासारखी वाटली.

उतरले तेव्हा म्हणायचं होतं, 'छान चालवता.' म्हणाले काय, तर, "उद्या काटा घेऊन येते!"

त्यात त्या बिचाऱ्याला काय कळणार? आमचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. गावातल्या प्रत्येक दुकानाचा काटा बाबांच्या नाहीतर माझ्या हाताखालून जातो. आम्ही अंदाजावर विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच माणूस उभा राहील असा काटा हातगाडीवर घालून मैदानात नेला. तिकिटाच्या खिडकीत त्याचे मामा बसायचे. पाळण्याचे मालक तेच, मिशी भरघोस, आवाज त्याहून भरघोस. काटा पाहून ते बाहेरच आले.

"भाचेबुवा, हे काय लचांड आणलंत?"

"मी नाही आणलं, ते स्वतःच्या पायांनी आलं," तो म्हणाला.

पैज ठरली. रांगेतली दहा माणसं. त्यानं बघून सांगायचं, मी काट्यावर घ्यायचं. एक किलोच्या वर चुकला, तर लिव्हर एक फेरी माझ्या हातात. नाही चुकला, तर माझी वही त्याच्या हातात.

नऊ बरोबर. नऊच्या नऊ! शेवटचे एक काटकुळे काका आले. तो म्हणाला, "अठ्ठेचाळीस." काटा म्हणाला, बावन्न.

"चुकलात!" मी टाळ्याच पिटल्या.

"काका, खिसे रिकामे करा बरं," तो म्हणाला.

काका कुलूपवाले निघाले. कोटाच्या खिशांतून एकामागून एक नऊ कुलपं बाहेर आली. मैदानभर हशा. मी म्हणाले चुकला तो चुकला, तो म्हणाला कुलपांचं वजन नजरेला दिसत नाही. शेवटी मामांनी निकाल दिला, "दोघंही जिंकलात, आता रस्ता मोकळा करा!"

मी मात्र इतक्यावर सोडते का? त्यालाही काट्यावर उभा केला. सत्तर. ना पाव कमी, ना पाव जास्त.

मग माझा हात लिव्हरवर आणि त्यावर त्याचा... म्हणजे, यंत्र धोक्याचं, म्हणून. "ओढू नकोस," तो कानाशी म्हणाला, "नुसती वाट दे." तुम्हीवरून तू कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आणि माझी वही त्यानं पायरीवर बसून अक्षरन् अक्षर वाचली. शेवटच्या पानावर आला आणि मोठ्यानं वाचायला लागला, "'बत्तिसावा. चालवणाऱ्याचा हात मऊ. थांबताना धक्का नाही. दहापैकी साडेनऊ.' ...अर्धा मार्क कुठे गेला?"

"भर रांगेत पंचावन्न म्हणालास, त्यात गेला."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटतो. हे काही वहीत लिहायचं नसतं, पण मी लिहिलं.

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता मी मैदानात. एकटी यायची, एकटी बसायची, आणि समोरच्या डब्यात माझ्या तीन गोण्या. तो त्यांची विचारपूस करायचा.

"धाकटी आज रुसलीये. म्हणते, ही रोज येते आणि आमच्याशी एक शब्द बोलत नाही."

"बोलणार कशी? मी वर तेव्हा त्या खाली. त्या वर तेव्हा मी खाली."

"हो ना," तो फडकं पिळत म्हणाला. "समोरासमोर असलं की भेट होत नाही... शेजारी बसावं लागतं."

एवढं बोलून पुढच्या डब्याकडे गेला! मला वाटलं आता काहीतरी म्हणेल, पण छे.

घरी बाबा चष्म्यावरून बघायचे. "चक्रे, तो मोठा काटा मैदानातच ठेवून आलीयेस. त्याला काय झालंय?"

"त्याला काही नाही झालं बाबा."

"मग कुणाला झालंय?" म्हणून हातातला स्क्रू घट्ट करायला लागायचे.

मला काय झालंय ते मला चांगलं कळत होतं. मला तो आवडला होता, चांगलाच. आणि रविवार मेळ्याचा शेवटचा दिवस होता. सोमवारी सकाळी चाक सुटं करून ट्रकवर चढणार, पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. इथं परत यायचे ते दोन वर्षांनी. तो काही बोलत नव्हता. मीही नव्हते बोलत. एरवी माझ्या तोंडाला कुलूप लावायला कुलूपवाले काका कमी पडतील, पण एवढ्या एका वाक्याला जीभ टाळ्याला चिकटायची.

शनिवारी मी ठरवून गेले. आज विचारायचंच, 'दोन वर्षांच्या आधी येशील का?' बस्स, एवढंच. केस मोकळे सोडले होते. ते काही ठरवून नव्हतं... बरं, होतं.

त्यानं मला पाहिलं आणि पंचावन्न म्हणायचं विसरला. गडी दुसरीकडे घोड्यांचं चक्र उतरवायला गेला होता, म्हणून गोण्या यानंच उचलल्या. माझ्या पुढच्या डब्यात एक जाडजूड कुटुंब बसलं होतं. दांडा अडकवताना त्याची बोटं थांबली.

"उद्या शेवटचा दिवस," तो म्हणाला.

"माहितीये."

"हं."

झालं? हं? मी तोंड फिरवलं. पाळणा सुटला, निम्म्या उंचीवर चढला, मोटर गुरगुरली, पट्टा घसरून करपल्याचा वास आला... आणि चाक हळूहळू उलटं खाली यायला लागलं! कुटुंबातली बाई किंचाळली. मी मात्र आधी समोरच्या डब्याकडे पाहिलं. रिकामा. मग मागे वळून पाहिलं. माझ्या तिन्ही गोण्या माझ्या पाठच्या डब्यात एका रांगेत बसल्या होत्या.

ज्याची नजर नऊ माणसांत एकदाही चुकली नाही, त्यानं वजन चक्क त्याच बाजूला भरलं होतं.

त्यानं ब्रेकवर सगळा भार टाकून चाक आवरलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मामा खिडकीतून धावत आले.

"अकरा वर्षं! अकरा वर्षांत एकदा चुकला नाहीस! लक्ष कुठे होतं तुझं?"

त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मामांनीही त्याच्या पाठोपाठ माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले.

"उद्या लिव्हरला हात लावायचा नाही," मामा म्हणाले. त्यांच्या पाळण्याचा हा नियमच होता. चूक झाली की एक दिवस लांब राहायचं, मग कुणी का असेना.

म्हणजे शेवटचा दिवसही गेला. माझ्यामुळे! त्या दिवशी घरी जाऊन मी पांघरुणात तोंड खुपसून रडले, खोटं कशाला सांगू?

रविवारी दुकानाकडे फिरकलेच नाही. चार वाजता मैदानात आले तर लिव्हरवर मामा. तो कुठेच नाही. तिकिटाच्या खिडकीत नाही, ट्रकपाशी नाही. पुढच्या गावी आधीच पाठवलं असेल का त्याला? विचारायला गेले तर मामा म्हणाले, "बसा आधी. पंचावन्न ना?"

बसले. अर्ध्या चाकाचा हिसका देत त्यांनी मला वर चढवलं आणि थांबवलं. आता खाली समोरचा डबा असणार, त्यात माझ्या गोण्या भरणार. बघायचं नव्हतं, तरी वाकून पाहिलं...

तो होता! कुठून आला कोण जाणे, खांद्यावर गोणी घेऊन. मोठी. पंचवीस. परत गेला, दुसरी आणली. पन्नास. आता छोटी आणेल म्हणून बघत होते, तर तिसरी मोठी. पंचाहत्तर! अहो, काय चाललंय? चौथी. शंभर. मी वरून ओरडणार होते, आज पुन्हा चुकतोयस म्हणून. त्यानं पाचवी टेकवली, हात झटकले आणि वर पाहिलं.

सव्वाशे.

सव्वाशेतून पंचावन्न गेले... आयुष्यभर वजनं मोजत आलेली मी, पण ही वजाबाकी मी बोटांवर दोनदा केली. सत्तर. ना पाव कमी, ना पाव जास्त.

मामांनी चाक अर्धं फिरवलं. मी खाली आले. तो पायरीवर उभा होता, धुतलेला शर्ट, भांग पाडलेला.

"सरक," तो म्हणाला.

मी सरकले. तो शेजारी बसला. दांडा मामांनी अडकवला, मिशीतल्या मिशीत हसत.

"होतास कुठे इतका वेळ?" माझा आवाज रडका निघाला.

"तुमच्या दुकानात. पावसाळ्याचे चार महिने आमचा पाळणा बंद असतो. म्हटलं, तेव्हा काटे दुरुस्त करायला एक माणूस लागेल का, विचारावं."

"बाबांना विचारलंस? बाबा काय म्हणाले?"

"दुरुस्तीला आलेल्या एका काट्यावर उभं केलं. म्हणाले, आकडा बरोबर आहे, माणूस बघू."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मामांनी आम्हाला सगळ्यात वर नेऊन थांबवलं, धाडकन. खाली तीच छपरं, तेच मैदान.

"काल गोण्या चुकल्या," तो म्हणाला, "कारण तू दिसलीस आणि... मला पुढचं काही सुचेना. हे त्या दिवशीच सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी."

"पहिल्या दिवशी तू पंचावन्न म्हणालास!"

"तेच म्हणतोय ना."

मग मीच त्याचा हात धरला. किती वाट बघायची माणसानं? "मला तू आवडतोस," मी म्हणाले. "चार महिने आवडशील आणि उरलेले आठही. तुझी गावं लागतील तिथे मी येईन, काटे काय सगळीकडेच बिघडतात."

त्याचा डावा डोळा आधी मिटला.

खाली उतरताना मामांनी असा काही धक्का दिला, की आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो. हात अगदी खडबडीत, दहापैकी पाच. पण मी पिशवीतून वही काढली, बत्तिसावं पान उघडलं, साडेनऊ खोडलं आणि त्याच्यासमोर दहा लिहिले.