तीन म्हणायच्या आधी

हे खरं घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही कुणाच्या हातापाया पडणार नाही.

आणि आधीच सांगतो, मध्यरात्र, वादळ, कुत्र्याचं रडणं वगैरे काही नव्हतं. रविवारची भर दुपार होती. बाहेर रणरणतं ऊन. जागा म्हणजे एका छापखान्याच्या मागची खोली, जिथे माझ्या मुलीचा बँड प्रॅक्टिस करायचा.

करायचा म्हणजे, अजूनही करतो. ती नसते, एवढंच.

माझं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. रिटायर झालो आणि घरात बसून बायकोच्या प्रत्येक कामात नाक खुपसायला लागलो. भांडी अशी नाही, अशी लाव. पंखा कशाला चालू ठेवलास. शेवटी मायलेकींनी काहीतरी गुपचूप ठरवलं, आणि मुलीने एक जुना कॅमेरा आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"बाबा, हा घे. आणि आईचं डोकं खाणं बंद कर."

तिला मी बाईसाहेब म्हणायचो. थाटच तसा होता. बँडमध्ये गायची आणि बेस गिटार वाजवायची.

मी शिकलो ते ग्रुप फोटो काढून. बिल्डिंगची मीटिंग, जुन्या ऑफिसातले निरोप समारंभ, बायकोच्या मैत्रिणी... जो सापडेल त्याला रांगेत उभा करायचो. पण एक गोची व्हायची. माणसं जरा जास्त झाली की निम्म्यांचे डोळे हमखास मिटलेले.

बाईसाहेबांनी ते फोटो पाहिले आणि पोट धरून हसल्या.

"बाबा, हा निरोप समारंभ आहे की झोपेच्या गोळ्यांची जाहिरात?"

मग तिनेच युक्ती शिकवली. आधी सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचं. मग एक, दोन, तीन मोजायचं. तीनला सगळ्यांनी डोळे उघडायचे, आणि आपण त्याच वेळी बटण दाबायचं. नुकते उघडलेले डोळे लगेच मिटत नाहीत.

युक्ती एकदम लागू पडली. फक्त माझा कॅमेरा जुन्या पद्धतीचा, आतल्या आरशाचा. काचेला डोळा लावून बटण दाबलं की तो आरसा वर उडतो आणि क्षणभर सगळा काळोख होतो. म्हणजे जो क्षण फोटोत येतो, नेमका तोच काढणाऱ्याला दिसत नाही. मी तिच्याकडे कुरकुर केली.

"सगळं तुलाच बघायला हवं का रे?" ती म्हणाली.

मग दर रविवारी मी त्यांच्या प्रॅक्टिसला जायला लागलो. ड्रम वाजवणारा ढब्बू, गिटारवाला लंबू, कीबोर्डवाला चष्मिस आणि आमच्या बाईसाहेब. कमी उजेडात ढब्बूचे हात पुसट यायचे. गाणाऱ्याचा फोटो तोंड उघडल्यावर काढला तर नुसते दात दिसतात, श्वास घेताना काढायचा असतो, हे तिथेच कळलं. पोरं मला काका काका करायची. फार सुखाचे दिवस होते हो.

मग एकदा साधा ताप म्हणून तिला दवाखान्यात नेलं... आणि घरी आम्ही दोघंच परत आलो.

याहून जास्त मला सांगता येत नाही. माफ करा.

कॅमेरा कपाटात गेला. बायको कामापुरतं बोलायची. आणि मला उठता-बसता एकच ध्यास लागला. एकदा ती दिसावी. बोलू नको, हसू नको, नुसती समोर उभी राहा. घरात तिचे फोटो ढिगाने आहेत. फोटोने भागत नाही.

बरेच महिने गेले. एक दिवस ढब्बूचा फोन आला. पोरं पुन्हा कार्यक्रम करणार होती आणि पोस्टरला तिघांचा फोटो हवा होता.

"काका, दुसऱ्या कुणाला सांगायला जीव होत नाही," तो म्हणाला.

बायकोला विचारलं. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मला मात्र तिथलं काही सांगू नका."

गेलो.

खोली तशीच होती. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, खाली जुना गालिचा, शाईचा वास. आणि कोपऱ्यात स्टँडवर तिची बेस गिटार. गिटारला जोडलेला तिचा स्पीकरही चालू होता. त्यातून बारीक आवाज येत होता... घूंऽऽऽ...

"चालूच असतो का हा?" मी विचारलं.

"प्रॅक्टिसला आलो की लावतो आम्ही. बंद ठेवला की खोली कशीतरीच वाटते," चष्मिस खाली बघत म्हणाला.

हा आवाज मला माहीत होता. गिटारला कुणी हात लावलेला नसला की तो येतो. तारांवर नुसता तळवा ठेवला तरी थांबतो. तिनेच एकदा करून दाखवलं होतं.

तिघांना त्या गिटारच्या पुढे उभं केलं. काचेतून बघितलं, तर ढब्बू आणि लंबूच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

"अरे जवळ या. मध्ये भगदाड पडलंय."

ते जवळ आले. मी उजेड नीट केला, पुन्हा काचेला डोळा लावला.

जागा होती. तेवढीच.

"लंबू, का सरकलास?"

"मी? काका, मी हललोसुद्धा नाही."

मी कॅमेरा खाली घेतला. तो खरंच हलला नसावा. त्याचा चेहराच सांगत होता. पण जागा होती...

म्हटलं, जाऊ दे. सवय असेल. इतकी वर्षं ती मध्ये उभी राहायची.

"चला, डोळे मिटा. एक..."

तिघांनी डोळे मिटले.

"दोन..."

आवाज थांबला.

घूं करणारा तो स्पीकर... एकदम गप्प. जसा तारांवर तळवा ठेवल्यावर होतो, तसा.

आणि काचेत मला ती दिसली.

मधल्या जागेत उभी होती. निळा शर्ट, केस कसेतरी वर बांधलेले. एक हात मागे गिटारच्या तारांवर. धूसर नाही, पांढरी नाही, काही नाही. नेहमीची माझी पोर. तिनेही डोळे मिटले होते. अगदी घट्ट, लहानपणी लपाछपीत मिटायची तसे.

माझ्या तोंडातून सवयीने "तीन" निघालं. बोट दाबलं गेलं. काळोख... आणि मग ती पोरं तिघंच, डोळे उघडून माझ्याकडे बघत होती.

घूंऽऽऽ...

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघितला, तर तिघं. मध्ये मोकळी जागा.

"काका, घाम किती आलाय तुम्हाला. बसता का?"

"पुन्हा," मी म्हणालो. "पुन्हा मिटा डोळे."

एक... दोन... आवाज बंद. ती उभी.

या वेळी मी तीन म्हणालो नाही. काचेवरून डोळा काढला आणि नुसतं समोर बघितलं. तिथे कुणी नव्हतं. पुन्हा डोळा लावला. होती. तिच्या पापण्या थरथरत होत्या.

"काका?" लंबू डोळे मिटूनच म्हणाला. "झालं का?"

"ती उभी आहे रे," मी म्हणालो. "तुझ्या शेजारी."

मला वाटलं, आता डोळे उघडतील, म्हातारा बिथरला म्हणतील, आणि झालं.

मग ढब्बू म्हणाला, "कुणी उघडू नका रे. काका, तुम्ही बघा. पाहिजे तेवढा वेळ बघा."

आणि ती तीन पोरं तशीच उभी राहिली. चष्मिसच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पुसायलासुद्धा त्याने हात हलवला नाही.

मी बघत राहिलो. तिची हनुवटी बघितली. गळ्याजवळचा तीळ बघितला. मनात म्हटलं, उघड ना गं डोळे. एकदा बघ माझ्याकडे. पण ती कशी उघडणार? ती थांबली होती. तिचीच युक्ती... बाबा तीन म्हणेपर्यंत थांबायचं.

आणि मी तीन म्हटलं की ती जाणार.

माझ्याने म्हणवलं नाही. मी कॅमेरा खाली घेतला, बॅग उचलली आणि तसाच बाहेर पडलो. दार वाजल्यावर पोरांनी डोळे उघडले असतील. मी वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर बायकोने माझा चेहरा बघितला आणि समोर बसली. काही सांगू नका म्हणाली होती, पण मला लपवता येईना. सगळं सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, किंवा वेड लागलंय म्हणेल.

तिने एकच विचारलं. "मग तीन म्हणालात?"

"नाही."

"म्हणजे ती अजून तशीच उभी आहे?"

मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"अहो, डोळे मिटून कधीची उभी असेल ती! पाय दुखत असतील तिचे. असं मध्येच टाकून येतं का कुणी पोरीला?"

सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती.

ढब्बूने खोली उघडून दिली, स्पीकर लावला आणि म्हणाला, "काकू, मी बाहेर आहे." डोळे सुजले होते पोराचे.

घूंऽऽऽ...

बायको गालिच्यावर, गिटारच्या पुढे जाऊन उभी राहिली. कुठे ते मी सांगितलं नव्हतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मनाशी पक्कं केलं होतं... आज बटण दाबायचं नाही. तीन म्हणायचं आणि नुसतं बघायचं. ती डोळे उघडेल तो क्षण मला हवा होता. बाकी जग गेलं खड्ड्यात.

"मिट डोळे," मी म्हणालो. "एक..."

"दोन..."

आवाज थांबला.

ती आईच्या शेजारी उभी होती. तशीच, डोळे घट्ट मिटून. एक हात मागे तारांवर, पण आज दुसरा आईच्या हातात.

बायकोला काही विचारायची गरजच नव्हती. तिचा चेहरा मला दिसत होता.

"थांबा जरा," ती हळूच म्हणाली. "घाई करू नका."

मी थांबलो. खांदे भरून आले. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरायला लागली, ती पुसायचीही हिंमत होईना.

"हात गार आहे हो तिचा," बायको म्हणाली. अंगठ्याने ती तो चोळत राहिली. मग, "म्हणा आता. दमली असेल."

मी म्हणालो. कसं म्हणालो ते माझं मला माहीत.

"तीन."

आणि बोट दाबलं गेलं.

सवयीने, हो. तीन आणि बटण, तीन आणि बटण... तिनेच लावलेली सवय. खटकन आवाज झाला आणि काचेत काळोख.

उजेड आला तेव्हा बायको एकटी उभी होती. स्पीकर घूं करत होता.

आम्ही पुन्हा करून बघितलं. परत परत बघितलं. एक, दोन... आवाज थांबलाच नाही. काचेत फक्त बायको. शेवटी ढब्बूने आत येऊन स्पीकर बंद केला आणि तिला खुर्चीत बसवलं.

त्या एका फोटोत बायको आहे. डोळे उघडे, आणि बोटं अशी वळलेली, की हातात कुणाचा तरी हात आहे. शेजारी गालिचा आहे नुसता.

घरी येताना रस्त्यात तिने विचारलं, "उघडले ना हो तिने डोळे?"

मला तर नुसता काळोख दिसला होता.

"उघडले," मी म्हणालो.

"कुणाकडे बघितलं?"

"तुझ्याकडे."

ती रस्त्यातच थांबून रडली. त्या दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. आता जेवते, बोलते, माझ्यावर चिडतेसुद्धा. त्या खोलीत काय झालं, कसं झालं, मला विचारू नका. मला एवढंच डाचतं की माझी पोर आम्हाला बघून गेली, की तशीच डोळे मिटून... तीन तिला ऐकू तरी गेलं का?

बायको अजून मधूनमधून विचारते, कशी बघत होती हो? हसत होती का? मी दर वेळी आणखी थोडं सांगतो. परवा म्हटलं, हो, हसत होती. दात दिसत होते.