न फोडलेलं कुलूप

कुलूप फोडलेलं नव्हतं. कडी वाकलेली नव्हती. आईची, नानांची आणि इराची, तिन्ही किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे होत्या. तरी दुपारी कोणीतरी दार उघडून आत आलं, देवघरातली चांदीची निरांजनं घेतली आणि जाताना कुलूप लावूनही गेलं.

"म्हणजे घरातलंच कुणीतरी," इराचे आजोबा, नाना, म्हणाले आणि त्यांनी खंडूकडे पाहिलं.

खंडू हा इराच्या घरचा यंत्रमानव. दुपारी घरात कुणी नसलं की तो वसाहतीच्या चौथऱ्यावर बॅटरी भरायला जायचा.

"माझ्याकडे किल्ली नाही, नाना."

"डोळ्यांत कॅमेरा आहे ना? किल्ली नुसती पाहिलीस तरी दुसरी बनवशील."

"बनवू शकेन," खंडू म्हणाला. "पण बनवली नाही."

"ऐका! कबूलच करतोय!"

नानांनी कंपनीला फोन लावला. संध्याकाळी गाडी येणार होती. परत गेलेल्या यंत्रमानवाची स्मृती पुसून टाकतात, हे इराला माहीत होतं. पहिलीपासून तिला शाळेत सोडणारा खंडू उद्या तिला ओळखणारही नव्हता.

तिने विचारलं, "खंडू, नुसती पाहून किल्ली कशी बनते रे?"

खंडूने एक जुनं कुलूप वर्तमानपत्रावर उघडून ठेवलं.

"हा गाभा (किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग). त्याच्यात या खुंट्या (पितळेच्या बारीक कांड्या). प्रत्येक खुंटीचे दोन तुकडे आहेत, आणि वरून स्प्रिंग त्यांना खाली दाबते. एरवी खुंटी अर्धी गाभ्यात, अर्धी बाहेर अडकलेली असते. म्हणून गाभा फिरत नाही."

"आणि किल्ली घातली की?"

"किल्लीच्या खाचा खुंट्यांना वर उचलतात. कुणाला थोडं, कुणाला जास्त. सगळ्या खुंट्यांचे सांधे गाभ्याच्या काठाशी नेमके आले की वाट मोकळी. एक जरी खुंटी केसभर चुकली, तर फिरत नाही."

इराने किल्ली निरखून पाहिली. "म्हणजे खरी किल्ली म्हणजे या खाचांची उंची. धातू कुठलाही चालेल."

"बरोबर."

इरा एकदम उठली. "नाना, तुमचा फोन द्या."

वास्तुशांतीला नानांनी नव्या घराची किल्ली तबकात ठेवून पुजली होती. जवळून फोटो काढून तो भावकीला, भजनी मंडळाला आणि जुन्या ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवला होता. खाली पत्ता आणि 'अवश्य येणे'. फोटोत खाच न् खाच दिसत होती.

"अगं, आनंदाची गोष्ट होती," नाना म्हणाले. "आणि तिच्यावर हळदकुंकू होतं!"

"खाचांवर नव्हतं, नाना."

नानांना पटेना. मग इराने त्यांना वाचनालयात नेलं. तिथे त्रिमिती छपाईयंत्र होतं (थरावर थर देऊन वस्तू घडवणारं). मुलं त्यावर खेळणी बनवत. फोटोवरून इराने पांढरी प्लॅस्टिकची किल्ली काढली. घरी येऊन नानांनी ती स्वतः फिरवली. जराशी अडली, मग कुलूप उघडलं.

नानांनी कुलूप लावून ती पुन्हा फिरवून पाहिली.

"ही किल्ली करायला खंडू लागलाच नाही," इरा म्हणाली. "ज्यांच्याकडे फोटो गेला, त्यांच्यातलं कुणीही किल्ली करू शकतं. कुणी केली ते पोलीस शोधतील."

"आता नवं कुलूप आणायला हवं," नाना पुटपुटले.

"नको," खंडू म्हणाला. "खुंट्या बदलल्या की हेच कुलूप जुन्या किल्लीला दाद देणार नाही. फक्त किती किल्ल्या आहेत आणि कुणाकडे, हे ठरलेलं हवं. एखादी हरवली की लगेच खुंट्या बदलायच्या. आणि फोटो..."

"कळलं रे बाबा, कळलं!"

खंडू खुंट्या बसवत होता, नाना स्क्रू धरून बसले होते. तेवढ्यात कंपनीची गाडी आली.

"काका, परत न्यायचं यंत्र कुठाय?"

"काही न्यायचं नाही," नाना म्हणाले. "तो कामात आहे."

गाडी गेली. इराच्या मनात मात्र खाचाच फिरत होत्या. "खंडू, खाचा किल्लीच्या पोटात लपवल्या तर? फोटोत दिसणारच नाहीत."

"मग खुंट्या आडव्या बसवाव्या लागतील," खंडू म्हणाला. "उद्या कागदावर काढून बघू."

नव्या किल्ल्या चार केल्या होत्या. एक आईसाठी बाजूला ठेवली, एक इराला दिली, एक नानांनी खिशात टाकली. चौथी त्यांनी खंडूच्या हातावर ठेवली.

"ही तुझी. हरवशील बिरवशील."

खंडूने मूठ मिटली.