मोहाखालचा पत्ता

शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दिवशी माणूस देवाच्या सर्वांत जवळ असतो, असं आमच्या सिनेगॉगमधले प्रार्थना चालवणारे हझान सांगत. दुसरीकडे कुठे जायची परवानगीच नसल्यावर तो आणखी कुठे असणार?

आम्ही बेने इस्रायली, मूळ नागावचे, राहणार ठाणे. 'राहणार' हा शब्द जरा सैल आहे. आमची इमारत पाच वर्षांपूर्वी पुनर्विकासाला गेली आणि तेव्हापासून मी आणि मिल्का भाड्याच्या तीन घरांतून फिरलो. मिल्का कंटाळली. मुलगी इस्रायलमध्ये, अश्दोदला असते. तिने आईला तिकीट पाठवलं, अठ्ठावीस जानेवारीचं. कायमचं. मी जाणार नव्हतो. "आधी आठ दिवस डोंगरात चालून येऊ, मग बघू," असं मी म्हणालो. बायकोला थांबवायचा याहून बरा उपाय मला सुचला नाही.

म्हसावद सोडून तोरणमाळच्या बाजूला घाट चढला, की डोंगरसिंगचा पाडा; आम्ही त्याच्याच घरी उतरलो. स्वतःचा तवा, पातेली, वर मीठसुद्धा घेऊन आलेले पाहुणे त्याने पहिल्यांदाच पाहिले. त्याची बायको रूपलीबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"ज्यू म्हणजे जैनच ना, सर?" डोंगरसिंगने विचारलं. "कांदा चालतो का?"

"कांदा चालतो. शनिवारी आम्हीच चालत नाही."

म्हणजे चालतो, पण मोजून. शब्बाथला राहत्या जागेपासून दोन हजार हातांपलीकडे, साधारण किलोमीटरभरापलीकडे, जायचं नाही. मिल्काला बघायचा होता तो धबधबा त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. पण शास्त्र लिहिणाऱ्यांनाही बायका होत्या, त्यामुळे पळवाट आहे. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत हद्दीवर दोन वेळचं जेवण ठेवायचं आणि सांगायचं, की उद्या आमचं घर इथे. मग मोजणी तिथून सुरू.

हद्दीवर एकटा मोह उभा होता. त्याच्या मुळाशी मी चार भाकऱ्यांचा डबा ठेवला आणि घोषणा केली. हिब्रूत अडखळलो, म्हणून मराठीत, खणखणीत.

वाट दाखवायला आलेला डोंगरसिंग दहा पावलं मागेच थांबला होता.

"सर, असं मोठ्याने नसतं बोलायचं."

"इथे ऐकतंय कोण?"

"रिकामी जागा आहे," तो म्हणाला. "रिकामी होती तोवर बरं होतं."

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. शब्बाथला विस्तव पेटवायचा नसतो, ओझंही वाहायचं नसतं, म्हणून रिकाम्या हातांनी. ना फोन, ना पाण्याची बाटली. मोहाजवळ आलो आणि थांबलो.

झाडाखालची जमीन सारवलेली होती. ताजी. शेणाचा ओला वास येत होता आणि कडेला बोटांचे फराटे स्पष्ट दिसत होते. कोपऱ्यात तीन दगडांची चूल मांडलेली. डब्यात दोनच भाकऱ्या उरल्या होत्या. पाड्यावरची कुणी बाई येऊन गेली असेल, असं मी म्हणालो. ते मलाच पटलं नाही.

"बूट काढा की," मिल्का म्हणाली. "सारवलंय."

बूट काढून ती आत गेली. भिंत नाही, दार नाही, तरी 'आत' हाच शब्द मला सुचला. खोडाला पाठ लावून ती बसली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"धबधबा?"

"तुम्ही जाऊन या. मी घरी आहे."

मी रागाने गेलो. धबधब्याला पाणी नव्हतं, जानेवारीत नसतंच. परतलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. डोंगरसिंग लांब पायवाटेवर उभा होता. पुढे येत नव्हता.

"सर, मॅडमना बाहेर काढा," तो तिथूनच ओरडला. "दिवेलागणीच्या आत."

मिल्का तशीच बसली होती. फक्त थोडी सरकून. तिच्या शेजारच्या सारवणावर कुणीतरी बसल्यासारखा खोलगट ठसा उमटला होता.

"मिल्का, चल."

"जेवूनच निघू ना."

"चल म्हणतो."

"सारखं काय चल, चल. पाच वर्षं दुसरं काय केलं मी?"

झाडामागे कुणीतरी खोकलं.

खोकला ओळखीचा होता. आधी एकदा कोरडा, मग दोनदा लागोपाठ. सिगारेट सुटल्यापासून मी तसाच खोकतो.

"हो, आले," मिल्का म्हणाली.

मी काहीच बोललो नव्हतो.

ती माझ्याकडे बघतही नव्हती.

मी बुटांसकट आत शिरलो, तिचं मनगट धरलं आणि ओढलं. ती उठली. वाटलं होतं त्याहून फार हलकी.

मागे डब्याचं झाकण लागल्याचा आवाज झाला.

मी वळून पाहिलं नाही.

पाड्यावर पोचलो तेव्हा तीन तारे दिसले, शब्बाथ संपला. मिल्का अनवाणीच आली होती. बूट कुठे, विचारलं.

"घरी राहिले," ती म्हणाली.

अठ्ठावीसला ती गेली. विमानतळावर तिने मला वेळेवर जेवायला सांगितलं. आवाजात राग नव्हता. असता, तर मी भांडून तिला थांबवलं असतं. पण ज्याचं सगळं नीट लागलेलं असतं, अशा माणसासारखी ती बोलत होती.

मार्चमध्ये डोंगरसिंगचा फोन आला.

"सर, होळीला पाड्यातल्या प्रत्येक घराला जेवण असतं. तुमच्यात काय काय चालतं, ते परत एकदा सांगा. रूपली विसरली."

"यायला जमणार नाही रे. मॅडम अश्दोदला, मी इथे एकटा."

"तुम्हाला नाही, सर. मोहाखालच्या घराला."

मला वाईट वाटलं असेल, असं त्याला वाटलं असावं.

"त्यांचा त्रास काही नाही," तो म्हणाला. "दोघं सकाळी पाण्याला येतात, गुपचूप जातात. शनिवारी तेवढी चूल पेटवत नाहीत."