पालथं कार्ड

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. माझा मामाही मागच्या वर्षापर्यंत असल्या गोष्टींवर पोट धरून हसायचा.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

मंगळवार होता. दुपारचे सव्वादोन. बाहेर रहदारी, समोरच्या दुकानात गिऱ्हाईकं, आणि मामाच्या फोटो स्टुडिओत चारही ट्यूबलाइट चालू.

मामा तीस वर्षं फोटो काढतोय. तोंडाचा फटकळ, डोक्याचा तापट, पण कामात एकदम काटेकोर. मेमरी कार्डांना तर तो सख्ख्या लेकरांपेक्षा जास्त जपतो, असं मामी म्हणते. फोटोंच्या दोन ठिकाणी दोन कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हा त्याचा नियम. ड्रॉवरमधल्या कार्डांची खूणही ठरलेली. सुलटं म्हणजे रिकामं. पालथं म्हणजे भरलेलं.

"पालथ्याला कुणी हात लावला तर बोटं तोडून ठेवीन," असं तो घरात सगळ्यांना बजावायचा.

बोटांचं तो असं सहज बोलून जायचा.

मामीनं हात लावायला म्हणून लावलाच नव्हता. रविवारी मामा बाहेरगावी कामाला गेला होता. ही घरी बसून कंटाळली आणि स्टुडिओ झाडायला गेली. ड्रॉवर पुसला आणि सगळी कार्डं छान एकसारखी लावून ठेवली.

सुलटी.

सोमवारी सकाळी मामानं वरचं कार्ड उचलून कॅमेऱ्यात घातलं. सुलटं होतं, म्हणजे रिकामं. काम सुरू करण्याआधी सवयीनं फॉरमॅटही केलं. तेवढ्यात पार्टीचा फोन आला, आज जमत नाही म्हणून. मामानं फोन ठेवून चार शिव्या हासडल्या आणि कार्ड काढून परत ड्रॉवरमध्ये टाकलं.

त्या कार्डावर शनिवारी काढलेले चौसष्ट फोटो होते. कॉपी व्हायचे होते.

फोटो एका शिवणकाम करणाऱ्या मुलीचे होते. स्वतःचं दुकान टाकत होती, त्याच्या बोर्डावर फोटो हवा होता. आईला सोबत घेऊन आली होती. गळ्यात मापाची टेप, आणि हसू तर थांबतच नव्हतं. मध्येच कुणी येऊ नये म्हणून मामानं स्वतः दाराला कडी लावली होती. आत तिघंच.

रविवारी दुपारी तिच्या नवऱ्यानं तिला मारून टाकलं. तिच्याच कात्रीनं. सतरा वार.

कारण काय, तर त्याला न विचारता फोटो काढून घेतले.

तो सासूच्याच घरात राहायचा. मारून झाल्यावर त्यानं घरातले सगळे फोटो मागच्या अंगणात नेऊन पेटवले. शाळेतले, लग्नातले, अगदी पाळण्यातलेसुद्धा. फोन दगडानं ठेचले. मग रक्तानं माखलेला तसाच रस्त्यावर धावत सुटला आणि ट्रकखाली आला.

मंगळवारी मुलीची आई स्टुडिओत आली. एकटीच.

"भाऊ, शनिवारचे फोटो द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे तिचा एकही राहिला नाही. शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही मला. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं म्हणे."

मामानं ड्रॉवर उघडला. एकही कार्ड पालथं नव्हतं. त्यानं मामीला फोन लावला.

"ड्रॉवर कुणी आवरला?"

"मीच. किती पसारा होता तो! काय झालं?"

मामा तिच्यावर ओरडला नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा. त्यानं फोन ठेवला, घाम पुसला आणि त्या आईला सगळं खरं सांगून टाकलं.

"पण ताई, धीर सोडू नका. पुसलं म्हणून फोटो लगेच जात नाहीत. नुसती यादी जाते. फोटो जागच्या जागी असतात. त्यांच्यावर नवीन फोटो येऊन बसला, की मग ते कायमचे जातात. मी नवीन एकही काढलेला नाही."

"म्हणजे ती आत आहे?"

"आहे."

मामानं सोमवारी पुसलेलं ते कार्ड काढलं आणि कडेची बारीक खिट्टी सरकवून लॉक केलं. लॉक केलेल्या कार्डावर नवीन काही उमटत नाही. मग कार्ड कॉम्प्युटरला जोडलेल्या रीडरमध्ये घातलं आणि पुसलेले फोटो शोधणारा प्रोग्रॅम चालू केला.

दहा मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. चौसष्ट.

आईनं तोंडावर हात दाबून धरला. मामालाही भरून आलं. त्यानं पहिला फोटो उघडला. मुलगी टेप गळ्यात घालून हसत होती.

आई पुढे वाकली.

"भाऊ... हा कधी आला?"

मुलीच्या मागे, दारात, एक माणूस उभा होता.

मामानं दुसरा फोटो उघडला. माणूस दारापासून चार पावलं आत आला होता. तिसऱ्यात तो तिच्या पाठीशी होता. ती हसतच होती. त्याच्या हातात कात्री होती.

खट्...

आवाज फळीवरून आला. फळीवर कॅमेरा होता. त्यात कार्ड नव्हतं, बॅटरीसुद्धा नव्हती. ती चार्जरला लावलेली होती.

पडद्यावरचा आकडा त्रेसष्ट झाला.

मामानं चौथा फोटो उघडला. मुलगी हसत नव्हती. तिचे केस त्याच्या मुठीत होते आणि मान मागे ओढलेली होती. खट्. बासष्ट. पाचव्यात कात्री खांद्यात मुठीपर्यंत रुतलेली होती. खट्. सहाव्यात ती दोन्ही तळहात चेहऱ्यासमोर धरून होती आणि तळहातांतून रक्त मनगटांवर ओघळत होतं.

खट्.

तो तिला पुन्हा मारत होता. एकेका फोटोत शिरून. ज्या फोटोत मारून व्हायचं, तो यादीतून कायमचा जायचा.

आता फोटो न उघडताही आकडा भराभर उतरत होता. मामानं रीडरकडे पाहिलं. त्यानं स्वतः सरकवलेली खिट्टी उघडी होती.

आता कार्ड उपसून काढलं तर उरलेलं सगळंच जायची भीती. मामानं ती खिट्टी परत सरकवली आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं घट्ट दाबून धरली. आकडा थांबला. एकोणीस. डाव्या हातानं त्यानं सगळ्यात शेवटचा, चौसष्टावा फोटो निवडला. तो माणूस अजून तिथवर पोचला नव्हता. मामानं कॉपीचं बटण दाबलं.

हिरवी पट्टी भरू लागली...

कुणीतरी मागून मामाची मान पकडली आणि कपाळ टेबलावर आपटलं. एकदा. परत एकदा. नाकाचं हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. तोंडात रक्त आलं, पण बोट त्यानं उचललं नाही.

पासपोर्ट फोटो कापायची कात्री टेबलावरच्या मगात असायची. मामानं रक्ताळल्या डोळ्यांनी पाहिलं.

मगात कात्री नव्हती.

कात्री उघडल्याचा आवाज त्याला आधी आला. थंड पातं बोटाला नंतर लागलं.

कचकन.

बोटाची दोन पेरं कीबोर्डवर पडली. खिट्टी सरकली, आणि फळीवर कॅमेरा वेड्यासारखा सुटला. खट् खट् खट् खट्... अठरा, पंधरा, अकरा, सहा. चौसष्टावा फोटो पडद्यावर उघडाच होता, आणि त्यातलं मागचं दार हलायला लागलं.

तेव्हा ती आई उठली.

"मेल्या!" ती ओरडली. "एकदा मारून पोट भरलं नाही का रे तुझं?"

तिनं पडद्याला मिठी मारली. लेकीला पाठीशी घालायचं म्हणून स्वतःची पाठ बाहेर केली. मामाच्या डोळ्यांदेखत तिच्या पाठीवरचा कपडा टरकन फाटला, खांद्यापासून कमरेपर्यंत. मग कातडी. एक चीर, दुसरी, तिसरी. ती कण्हत होती, पण हटली नाही.

कॉम्प्युटर टिंग वाजला.

कॉपी पूर्ण. एक फोटो.

आणि सगळं थांबलं. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, तेवढा आवाज राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांना टाके घातले. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या जावयानं," आई म्हणाली.

"मग आधी पोलिसांत तक्रार करा. कुठं आहे तो?"

"रविवारीच मेला."

डॉक्टरांनी केसपेपरवर 'अपघात' लिहिलं.

मामा हाताला बँडेज बांधूनच स्टुडिओत परतला आणि त्यानं त्या फोटोची दुसरी कॉपी काढली. नियम तो नियम. मग मोठा प्रिंट काढून आईला नेऊन दिला. फोटोत मुलगी सरळ समोर बघून हसत होती. मागे बंद दार, दाराला कडी. आईनं तो भिंतीवर लावला आणि त्याच्यासमोर बसून पहिल्यांदा मोकळी रडली.

ते कार्ड आता कोरं आहे. मामानं तीनदा तपासलं. तरी पत्र्याच्या डबीत तो ते पालथंच ठेवतो.

"रिकामं आहे ना? मग पालथं का?" मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"रिकामं नाहीये ते," मामा म्हणाला. हसला नाही.

हे सगळं मी कधी लिहिलं नसतं. पण मागच्या आठवड्यात मी स्टुडिओत बसले असताना त्या आईचा फोन आला. मामानं स्पीकरवर घेतला. त्या हातात फोन त्याला नीट धरता येत नाही.

"भाऊ, फोटोत ती समोर बघत होती ना?"

"हो ताई. अगदी सरळ. तुमच्याकडेच."

"मग आता मागे वळून का बघतेय?"

मामानं पहिली कॉपी उघडली. मग दुसरी. मी त्याच्या शेजारीच होते. दोन्हींत मुलीची आमच्याकडे पाठ होती. गळ्यातली टेप तिनं मुठीत आवळून धरली होती. दाराची कडी निघालेली होती.

"भाऊ, माझी नजर अधू झालीय," आई म्हणाली. "दार किती उघडलंय हो?"

"जास्त नाही, ताई," मामा म्हणाला. "बोटभर."

आणि त्यानं उजवा हात टेबलाखाली घेतला.