मागच्या रांगेतला लाल ठिपका

शनिवारी सकाळी धाकटी बाबांबरोबर प्लायवूड आणायला गेली. दुकानदारानं सहज विचारलं, पलंगासाठी हवंय का? बाबा म्हणाले, पलंगासाठीच, पण पलंग गाडीत बसवायचाय. दुकानदार हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून टेप काढून फळी मोजली, टेप गुंडाळली, आणि पुन्हा उलगडून परत मोजली. हल्ली ते सगळंच दोनदा करायचे. कुलूप दोनदा ओढून बघायचे, गॅस दोनदा बघायचे, आणि तरीही कोपऱ्यापर्यंत जाऊन माघारी यायचे.

आई गेल्यापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हती. उभा जन्म टेलिफोनच्या खांबांवर काढलेला माणूस; तारेला लोंबकळत उन्हातान्हात शांतपणे काम करायचा. आता घरातल्या खुर्चीत त्याला घटकाभर बसवेना. या खोलीतून त्या खोलीत, जिन्यात, पुन्हा आत. जेवायलाही उभ्यानंच. धाकटीला ते बघवत नसे. ती हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, पडलेल्या-मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायची. पण चालायचं थांबायला कसं शिकवतात, ते काही तिला येत नव्हतं.

मग एक दिवस बाबांनी शेडमधल्या हत्तिणीवरचं ताडपत्रीचं आच्छादन काढलं.

हत्तीण म्हणजे घरची गाडी. राखाडी रंग, रुंद बूड, आत तीन रांगा. चढ आला की कण्हायची, म्हणून दादानं लहानपणी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. कधीकाळी तिच्यात आत्या, काका, चुलत भावंडं, त्यांची भांडणं आणि बिछाने असं सगळं कोंबलेलं असे. आता दादा परदेशात, बाकीचे ज्याच्या त्याच्या व्यापात. निवृत्तीनंतर हत्तिणीत पलंग टाकायचा, छोटी शेगडी बसवायची आणि मन होईल तिकडं निघायचं, हा आईबाबांचा जुना बेत. बेत राहिला, आई गेली. दादा फोनवर म्हणाला, करू दे त्यांना, हात गुंतलेले बरे. धाकटीला मात्र वाटत होतं, हात गुंततील, पण एकदा गाडी तयार झाली की हा माणूस एकटाच कुठंतरी निघून जाईल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. म्हणून ती सुट्टीच्या दिवशी येऊन पाना-पक्कड हातात घेऊ लागली. म्हणायची मदतीला आले. खरं तर पहाऱ्यालाच येत होती.

आधी मधली आणि मागची रांग काढली. बोल्ट गंजून घट्ट बसले होते. बाबा त्यांच्यावर तेल सोडायचे, शिव्या द्यायचे आणि पुन्हा तेल सोडायचे. आसनं निघाली तशी खाली वर्षांची धूळ, केसांची पिन, अर्धा खडू, सुकून दगड झालेलं लिंबू. उघडी पडलेली गाडी आतून एकदम मोठी वाटायला लागली. धाकटी काहीतरी बोलली, तर आवाज मागून जरा उशिरानं परत आल्यासारखा वाटला.

बाबांनी गाडी सुरू करून पाहिली. टुंग… टुंग… टुंग…

डॅशबोर्डवर आसनांचं एक छोटं चित्र होतं, प्रत्येक जागेला एक ठिपका. कुणी पट्टा न लावता बसलं की त्या जागेचा ठिपका लाल व्हायचा आणि ही घंटी वाजायची. पट्टा लावला की हिरवा. रिकाम्या जागेला ठिपका दिसायचाच नाही. आता मागच्या रांगेत अगदी डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसत होता. तिथं आसनच नव्हतं. नुसता पत्रा, आणि चार भोकं.

आसन काढल्यामुळं वायर उघडी पडली असेल, असं म्हणून बाबांनी ती जोडून टाकली. ठिपका तसाच. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं मागची सगळी वायरिंगच ओढून बाहेर काढली आणि टोकांना टेप गुंडाळली. गाडी सुरू केली. टुंग… टुंग… वायरमननं मान खाजवली, सेन्सर वेडा झालाय म्हणाला, आणि हत्यारं गोळा करून निघाला. फाटकापाशी थांबून त्यानं मात्र एकदा वळून गाडीच्या मागच्या काचेकडं पाहिलं.

त्या दिवशी बाबा बऱ्याच महिन्यांनी हसले. म्हणाले, "तुझी आई बसली असेल. तिला किती सांगा, पट्टा काही लावायची नाही."

ते खरंच होतं. पट्टा गळ्याला काचतो, ही आईची कायमची तक्रार. धाकटीही हसली, मग दोघांचेही डोळे भरले, आणि त्यानंतर त्या घंटीची भीती अशी कुणाला वाटली नाही. उलट बाबा कामाला बसले की आधी चावी फिरवून ठेवायचे. घंटी वाजत राही आणि ते रंधा मारत बोलत राहत: इथं शेगडी घेतो, इथं भांड्यांचं कपाट, पडद्याला आपलंच बेडरूममधलं कापड लावू. मधल्या रांगेच्या जागी ओटा झाला, त्याच्या मागं पलंग. त्या डाव्या कोपऱ्यात मात्र त्यांनी पलंग नेला नाही. तिथं एक लहानशी बैठक केली आणि फोम कापून धाकटीच्या हातात दिला. तिनं खोळ शिवली. बाबा आता बसून जेवत होते. तिला वाटलं, चला, काय असेल ते असो, माणूस रुळावर आला.

खोळ चढवताना तिच्या मनात आलं ते एवढंच, की आई मागं कधी बसायचीच नाही. मागं तिला मळमळायचं. ती कायम पुढं, बाबांच्या शेजारी. हा कोपरा तर सगळ्यांनी टाकलेला असे. लहानपणी भावंडं त्या जागेवरून भांडायची, ती मिळवण्यासाठी नव्हे, टाळण्यासाठी. का, ते तिला आठवेना. तिथं बसायचं नाही, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

ती बाबांना काही बोलली नाही. त्यांची भूक परत आली होती.

पहिली फेरी जवळचीच ठरली. टेकडीपलीकडच्या तलावावर जायचं, रात्री मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत. धाकटी अर्थातच बरोबर निघाली. आकाश मळभलेलं होतं, रस्ता मोकळा. शहर सुटलं तरी घंटी वाजतच होती. बाबांनी आरशात बघून लाडानं म्हटलं, "अगं, लाव ना आता पट्टा."

मागं खट्‌ असा आवाज झाला. घंटी थांबली. ठिपका हिरवा झाला.

गाडीत मागं कुठं पट्टा उरलाच नव्हता. सगळे काढून शेडमधल्या खोक्यात भरले होते, धाकटीनं स्वतः. इतके दिवस घंटीचं काही वाटलं नव्हतं; ती थांबल्यावर मात्र तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं हळूच मान वळवली. कोपऱ्यातली बैठक रिकामी होती. तिनं शिवलेल्या खोळीचा मधला भाग मात्र खोल दबलेला होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो जरासा हलला. बसलेलं माणूस सावरून बसतं ना, तसा.

"बाबा," ती म्हणाली, "आई मागं बसायची नाही…"

बाबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला माहीत आहे," ते म्हणाले.



तलावाकाठी पोचले तेव्हा दुपार कलली होती. पाण्यावर वारा नव्हता, पाखरू नव्हतं. शेवाळाचा ओलसर, जुन्या फडक्यासारखा वास सगळीकडं भरला होता. बाबांनी गवतावर शेगडी मांडली. धाकटी त्यांच्याशेजारी बसली, पण तिचं लक्ष गाडीकडं. हत्तीण मागच्या डाव्या बाजूला झुकली होती. मग ती सरळ झाली. मग मधोमध दबली. मग पायरीच्या बाजूला. दोघंही बाहेर बसलेले, आणि आत कुणीतरी सावकाश, जागा बघत बघत पुढं सरकत होतं.

मुक्काम नको, असं तिनं स्पष्ट सांगितलं. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी शेगडी विझवली आणि म्हणाले, "पण कुणीतरी आहे ना गं, बरोबर…" त्या बोलण्यात इतकी कळवळ होती, की भीतीपेक्षा तिला त्याचंच जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, "मी आहे ना." त्यांनी मान हलवली. पण तो होकार नव्हता.

परतीच्या वाटेवर चित्रातला मागचा ठिपका नव्हता. आता ठिपका मधल्या रांगेत होता, ओट्याच्या जागी, तिच्या पाठीमागं. मानेवर गार श्वास येतोय असं तिला वाटत राहिलं. आरशात पाहायचं नाही असं ठरवून ती बाजूच्या शेतांकडं बघत बसली. घंटी वाजत नव्हती. ठिपका हिरवा होता.

दिवेलागणीच्या सुमाराला पेट्रोल पंप आला. बाबा टाकी भरायला थांबले, ती तोंड धुवायला मागच्या बाजूला गेली. नळाचं पाणी गार होतं. तोंडावर दोनदा हबका मारला, बरं वाटलं. ओढणीनं चेहरा पुसत ती कोपऱ्यावरून वळली, आणि हत्तीण पंपातून बाहेर पडत होती.

तिनं हाक मारली. गाडी रस्त्याला लागली. वळण घेताना पंपाचा दिवा काचेतून आरपार गेला आणि पुढं दोन आकृत्या दिसल्या. स्टिअरिंगपाशी बाबा, शेजारी आणखी कुणीतरी. त्या आकृतीचा उजवा खांदा किंचित वर होता, मान डावीकडं झुकलेली. दवाखान्यात ती दिवसभर माणसांची बसण्याची ढबच बघायची. ही ढब ती आरशात रोज बघत होती.

तिनं फोन लावला. बऱ्याच वेळानं बाबांनी उचलला.

"बाबा, मला सोडून गेलात…"

पलीकडं गाडीचा आवाज, आणि त्याच्याआड कुणीतरी बाईमाणूस हळू आवाजात बोलत असल्यासारखं. शब्द कळत नव्हते, पण लय ओळखीची होती.

"कोण बोलतंय?" बाबांनी विचारलं.

"बाबा, मी."

पलीकडची कुजबुज थांबली. मग ब्रेकचा कर्कश आवाज झाला आणि फोन बंद पडला.

पंपावर एक जनावरांची डॉक्टरीण आपल्या जीपमध्ये डिझेल भरून घेत होती. धाकटीचा चेहरा बघून तिनं काही न विचारता दार उघडलं. थोड्याच अंतरावर हत्तीण कडेला उभी होती, दिवे लुकलुकत होते. बाबा बाहेर, मैलाच्या दगडावर बसलेले. मांडीवर पाण्याची बाटली, झाकण काढलेली.

गाडीत कुणी नव्हतं. चालकाच्या शेजारच्या आसनाचा पट्टा ओढून लावलेला होता, आणि तो सैल नव्हता. कुणाच्या तरी छातीवरून जावा तसा ताणलेला, मधे पोकळी ठेवून. धाकटीला तिथं हात घालायचा धीर झाला नाही.

"तिनं बाटली दिली," बाबा म्हणाले. "झाकण काढून. तू देतेस तशी."

"काय बोलत होती?"

"तुझंच सगळं." त्यांनी वर पाहिलं. तिचा चेहरा, हात, उभं राहणं, सगळं ते निरखत होते. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "एक सांग. शेवटच्या दिवशी मी औषध आणायला खाली गेलो होतो. तू एकटीच होतीस आईपाशी. काय म्हणाली ती तुला?"

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, दादालासुद्धा नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आईनं तिचा हात हातात घेतला होता, उलटसुलट करून पाहिला होता आणि म्हणाली होती, नखं वाढलीत बघ तुझी. बस्स. धाकटीनं ते सांगितलं. सांगताना रडू फुटलं.

बाबा रडले नाहीत. ते तसेच बघत राहिले.

"तिनंही हेच सांगितलं," ते म्हणाले. "तुझ्या आधी…"

डॉक्टरणीनं दोघांना घरी सोडलं. हत्तीण बाबांनी परत आणलीच नाही. टो करून परस्पर भंगारात दिली. आठवडाभर धाकटी त्यांच्याकडंच राहिली. त्यांची तगमग पार गेली होती. खुर्चीत स्वस्थ बसत, पोटभर जेवत, रात्री झोपत. दादाला फोनवर ते उल्हासानं सगळ्या गप्पा सांगत. दादा तिला म्हणाला, तू बाबांना माणसात आणलंस. चैन गेली होती ती आता तिची. तिची पावलं खोल्याखोल्यांतून फिरत होती आणि बाबा खुर्चीतून तिच्या पावलांकडं बघत होते.

ती आपल्या घरी राहायला गेली, तरी दर शनिवारी येत राहिली.

परवा ती जिना चढून आली, तेव्हा दार लोटलेलं होतं आणि आतून बाबांचा आवाज येत होता. मऊ, लाडाचा, लहानपणी ताप आला की असायचा तसा. "हो गं, घेतली गोळी. तू जा आता आत. ती आली वाटतं."

आतलं एक दार हळूच बंद झालं.

मग बाबा बाहेर आले. धाकटीला बघून त्यांनी चप्पल ठेवायला जागा करून दिली आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले, "या. बसा ना तुम्ही."