छकड्याबरोबर पळणारी

अमळनेरात रुपचंदचा फोटोचा धंदा तसा बसल्याजागी चालायचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, मागे रंगवलेला पडदा सोडायचा आणि ‘हलू नका’ म्हणायचं, की काम फत्ते. पण सदतीस सालच्या हिवाळ्यात धाकटा भाऊ अभिमन सोनगीरच्या जत्रेत झुलाल आबांचा छकडा पळवणार होता. तेव्हा रुपचंदही आपला घडीचा छोटा कॅमेरा कोटाच्या खिशात टाकून निघाला. आई मरताना या पोराला त्याच्या हवाली करून गेली होती. जगात त्याला दुसरं कोणी नव्हतं.

छोट्या कॅमेऱ्याची एक खोड असते. जवळचं, लांबचं, सगळं तो सारखंच स्वच्छ टिपतो, आणि मागच्या पागोट्यांच्या गर्दीत बैलच हरवून जातो. रुपचंदने त्यावर तोड काढली होती. रस्त्यावरच्या टांग्यांवर त्याने हात बसवला होता. पळत्या जनावराला नजरेत धरायचं, कमरेतून त्याच्याबरोबर वळायचं आणि वळता वळताच कळ दाबायची. मग जनावर साफ येतं आणि उभी गर्दी पुसल्यासारखी फरफटते. जनावराबरोबर जे पळेल, तेवढंच साफ.

अभिमनने शर्यत मारली. घरी येऊन रुपचंदने लाल दिव्याच्या उजेडात फोटो धुतला. औषधाच्या आंबूस वासात चित्र हळूहळू वर आलं. गर्दीचे नुसते धुरकट पट्टे झाले होते, आणि ढवळ्या बैलाची शीर न् शीर दिसत होती. रुपचंद स्वतःवरच खूश झाला.

बैलाच्या मानेवर हात ठेवून एक तरुण पोरगी होती. डोक्यावर पदर नव्हता, आणि केसाची बट न् बट साफ आली होती. गर्दी अडवायला बांधलेल्या दोराजवळ कोणी उभी असेल, असं त्याला आधी वाटलं. मग त्याने फोटो दिव्याजवळ नेला. उभी असती तर ती पुसली गेली असती. आणि छकड्याच्या वेगाने कोणती पोरगी पळते?

आबा फोटो न्यायला आले. त्यांनी तो उजेडात धरला आणि पोरीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“हाई बेबा शे,” ते पुटपुटले. “मनी पोर... तिले मरीसन वरीस व्हयनं.”

मग त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ढवळ्याला बेबानेच वासरापासून हाताने चारून वाढवलं होतं. लग्न ठरलं आणि हळद लागायच्या आत ती तापाने गेली. त्यानंतर बैल कोणाला जू ठेवू देईना. मेल्या माणसाचं वस्त्र घरात ठेवू नये, देऊन टाकावं, हे आबांना काय ठाऊक नव्हतं? पण शर्यतीची हाव वाईट. त्यांनी तिचं लुगडं फाडून कासऱ्याला गुंडाळलं. त्या वासावर बैल धावू लागला. आणि तोच कासरा अभिमन मनगटाला वेढा देऊन धरायचा.

पुढची शर्यत धुळ्याला होती. जाऊ नकोस म्हणून रुपचंदने परोपरीने विनवलं. अभिमन हसला.

“दादा, बैल तिना शे. पयू दे तिले. मन्हं काय बिघडस?”

तीही शर्यत त्याने मारली. या वेळी फोटोतल्या पोरीने बैल सोडला होता. ती चाकाजवळ अभिमनच्या बरोबरीने होती, आणि तिचं तोंड त्याच्याकडे वळलेलं होतं.

तेव्हा मात्र रुपचंदने धाकट्या भावाचे पाय धरले. अभिमन शरमला आणि त्याने छकडा सोडला. आबांनी कासरा जाळून टाकला. ढवळ्या पुन्हा मान टाकून गोठ्यात उभा राहिला. पोर हातचं गेलं नाही, म्हणून रुपचंदने देवाला नारळ फोडला. अभिमनसाठी एक स्थळही आलं. मुलीकडच्यांनी फोटो मागितला.

भर दुपारी त्याने भावाला नवे बूट घालून खुर्चीत बसवलं. कॅमेरा तिपाईवर घट्ट कसला. “हलू नको,” म्हणाला, आणि अभिमनने पापणीसुद्धा हलवली नाही.

लाल दिव्याखाली चित्र वर येऊ लागलं. मागचा पडदा फरफटला होता. बाजूची फुलदाणी फरफटली होती. ज्या खुर्चीत अभिमन बसला होता, तीही... फक्त अभिमन साफ आला होता. आणि त्याचं मनगट धरलेला, काचेच्या बांगड्यांनी भरलेला एक हात.

रुपचंद धडपडत बाहेर आला. अभिमन अजून खुर्चीतच होता. अंगरखा घामाने निथळत होता, आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

“दादा...” तो कसाबसा बोलला. “माले थांबता येत नही.”

रुपचंदने त्याला कवटाळलं. घट्ट दाबून धरलं, तरी धाप कमी होईना. पायांना वारा लागू दे, म्हणून त्याने वाकून बूट काढले. तळव्यांची सालं निघाली होती, आणि रक्तात काळी माती कालवलेली होती. बुटांचे तळ मात्र कोरे होते.